भाकरी का सोडलीस गं?

घरातल्या बाईने भाकरी सोडली, तर ते घरात कुणाच्या लक्षात येतं? खरं सांगा मैत्रिणींनो, बहुतेक घरांत कुणाच्याच नाही. नवऱ्याने ताटातली अर्धी पोळी ठेवली, की 'आज जेवण का गेलं नाही?' म्हणून चौकशी सुरू होते. मुलाने डबा तसाच परत आणला, तर घर डोक्यावर घेतलं जातं. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं ताटात घेऊन बसणारी बाई काय जेवते, किती जेवते, आणि ते तिच्या घशाखाली उतरतं तरी का, हे पाहायला तिथे असतं कोण?

म्हणूनच घास अडकण्याचं दुखणं बाईला सहज लपवता येतं. लपवते असंही नाही, ती ते निभावून नेते. आधी कोरडी भाकरी अडकायला लागते, मग ती आमटीत कुस्करून खाल्ली जाते. तीही जाईनाशी झाली, की मऊ भात. मग ताकभात. मग कण्यांची पेज. विचारलंच कुणी, तर 'दाढ दुखतेय', 'पित्त झालंय', 'आज उपास आहे', अशी उत्तरं तयार असतात. दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे बाईचा गुण समजला जातो ना! पण भाकरीपासून पेजेपर्यंतचा हा प्रवास म्हणजे अन्ननलिकेने टप्प्याटप्प्याने दिलेला इशारा असतो, आणि त्यालाच आपण पथ्य समजून बसतो. माझं म्हणणं अगदी साधं आहे. गिळायला त्रास होतोय म्हणून जेवण बदलत बसायचं नसतं, डॉक्टरकडे जायचं असतं.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती चांगली ताणली जाते. हा तिचा गुण, आणि अडचणही तीच. आत काही वाढायला लागलं, तरी ती बरेच दिवस घासाला वाट करून देते. आतला रस्ता साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाला, की घट्ट घास अडकू लागतो. म्हणजे पहिली तक्रार सुरू होते तेव्हाच आत बरंच काही घडून गेलेलं असतं. त्यावर आणखी चार-सहा महिने पेजेवर काढले, तर काय होणार?

बाईच्या या तक्रारीला 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावण्याची खोड फक्त घरच्यांनाच आहे असं मात्र समजू नका. मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती होती. अमेरिकेतल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकचे डॉ. पोर्टर विन्सन यांनी १९२२ साली गिळता न येणाऱ्या रुग्णांवर एक लेख लिहिला. त्याचं शीर्षकच होतं, 'हिस्टेरियामुळे गिळता न येणे'! रुग्ण बहुतेक मध्यमवयीन बायका. पुढे लक्षात आलं, की या बायकांच्या अंगात रक्त कमी होतं, शरीरातलं लोह पार आटलं होतं आणि अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला आतून एक पातळ पडदा तयार झाला होता. घास त्या पडद्याला अडत होता. वेड बाईच्या डोक्यात नव्हतं, अडथळा नळीत होता! आज या आजाराला प्लमर आणि विन्सन या दोन डॉक्टरांचं नाव आहे. आता तो दुर्मिळ मानतात, पण आपल्याकडच्या डॉक्टरांना त्याचे रुग्ण अजूनही भेटतात.

या पडद्यावरचा उपाय सोपा आहे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की बऱ्याच जणींचं गिळणं सुधारतं. नाहीच सुधारलं, तर दुर्बिणीतून तो पडदा मोकळा करता येतो. पण वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं, तर त्याच भागात कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. स्टॉकहोमचे डॉ. आल्बॉम यांनी १९३६ साली हा संबंध दाखवून दिला होता. त्या काळी स्वीडनच्या उत्तर भागातल्या बायकांमध्ये रक्तक्षय आणि त्यापाठोपाठ घशाचा व अन्ननलिकेच्या वरच्या भागाचा कॅन्सर बराच आढळायचा. पुढे आहार सुधारला, बायकांना लोह मिळू लागलं, तसा हा आजार तिथे मागे हटला.

हे सगळं दूरच्या देशातलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायची सोय नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. शंभरातल्या चोपन्न जणी! रक्त कमी असलेल्या प्रत्येकीचा घास अडकतो असं मुळीच नाही. पण हिमोग्लोबिन कमी आणि गिळायलाही त्रास, अशी दोन्ही दुखणी एकत्र असतील, तर नुसतं टॉनिकच्या बाटलीवर भागवू नका. नळीही पाहून घ्या. आणि रक्त का कमी झालंय, पाळीत जास्त जातंय का, मूळव्याध आहे का, पोटात जंत आहेत का, हेही डॉक्टरांना शोधायला लावा.

आता दुसऱ्या भीतीकडे वळू. 'तपासायला गेलं आणि गाठ निघाली तर?' या एका वाक्यापायी कित्येक जणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. गाठ म्हणजे कॅन्सर, आणि कॅन्सर म्हणजे संपलं, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय! पण अन्ननलिकेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या ओळखीची असते. डॉक्टरी भाषेत तिला लायोमायोमा म्हणतात, म्हणजे स्नायूची सौम्य गाठ. तिचीच बहीण म्हणावी अशी गाठ अन्ननलिकेच्या स्नायूतही होऊ शकते. नळीतल्या सौम्य गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, पण नळीच्या एकूण गाठींचा हिशेब मांडला, तर शंभरात एकही भरत नाही, इतकी ती दुर्मिळ. ती बहुधा वीस ते पन्नास या वयात सापडते, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. ती अगदी सावकाश वाढते. कधी कधी दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन काढावा आणि ही अचानक दिसावी, असंही होतं. लहान असेल आणि त्रास देत नसेल, तर डॉक्टर तिच्यावर नुसती नजर ठेवतात. मोठी असेल, घास अडवत असेल, तर ऑपरेशन करून काढतात. मटाराच्या शेंगेतून दाणा सोलून काढावा, तशी ती स्नायूतून अलगद सोडवता येते. नळी कापून टाकावी लागतेच असं नाही. हल्ली हे काम बऱ्याचदा छातीला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने होतं.

या गाठीची एक गंमत सांगते, कारण तिच्यावरून घराघरांत डॉक्टरांवर संशय घेतला जातो. एंडोस्कोपीत ही गाठ एखाद्या गुळगुळीत फुगवट्यासारखी दिसते. वरचं अस्तर शाबूत असतं. अशा वेळी जाणकार डॉक्टर सहसा तिचा तुकडा काढत नाहीत. कारण चिमट्याने वरवरचं अस्तरच हाती लागतं, गाठीपर्यंत चिमटा पोचत नाही. शिवाय तिथे व्रण होऊन अस्तर गाठीला चिकटलं, तर पुढे ती सोडवणं अवघड होतं. त्याऐवजी आतून करायची सोनोग्राफी करतात. त्यात गाठ नळीच्या कोणत्या थरातून आली, ते कळतं. म्हणजे 'तुकडा का घेतला नाही?' याला कारण असतं. ते डॉक्टरांना विचारा, ते सांगतील.

याच्या उलट, नळीच्या आतल्या अस्तरावरच खडबडीत वाढ किंवा जखम दिसली, तर तुकडा तपासायलाच हवा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसंच. तिथे मात्र घरचे आडवे येतात. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, हात लावू देऊ नका!' हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय आणि एसटीतही ऐकलंय. मैत्रिणींनो, या समजुतीने किती जणींचे मोलाचे महिने वाया घालवले असतील! तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. निदान न झाल्याने तो वाढत राहतो.

दिसायला त्या साध्या गाठीसारखीच, पण जात वेगळी, अशी आणखी एक दुर्मिळ गाठ असते. तिला डॉक्टर 'जिस्ट' म्हणतात. ती बहुधा जठरात किंवा लहान आतड्यात होते, अन्ननलिकेत क्वचितच. ती पुढे उलटू शकते, म्हणून तिला साध्या गाठीत धरून चालत नाही. आतल्या सोनोग्राफीतून बारीक सुई घालून तिची ओळख पटवावी लागते. या गाठीवर इमॅटिनिब नावाच्या गोळ्या चालतात. एकेकाळी त्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. मूळ कंपनीने त्यांच्यावर पेटंट मागितलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारलं, आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. नाव काढायलाही कठीण अशा आजारावरही आपल्याकडे औषध आहे, ते असं.

म्हणजे 'माझी गाठ साधीच असेल' असं धरून स्वस्थ बसायचं का? अजिबात नाही! दुर्मिळ गाठींमध्ये वाईटही असतात. लहान पेशींचा कॅन्सर किंवा नळीतला मेलॅनोमा या अशाच झपाट्याने पसरणाऱ्या. आणि नेहमी आढळणारा अन्ननलिकेचा कॅन्सर तर दुर्मिळ नाहीच. २०२२ या एका वर्षात जगात त्याचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. भारतातले नवे रुग्ण त्या वर्षी ७० हजारांच्या घरात होते. नवे रुग्ण आणि मृत्यू, हे दोन आकडे इतके जवळजवळ का? एक मोठं कारण म्हणजे रुग्ण उशिरा येतो. अगदी सुरुवातीचा, अस्तरापुरता आजार असेल तर तो काही वेळा दुर्बिणीतूनच काढता येतो. थोडा पुढे गेलेला असेल तर केमो, रेडिएशन आणि ऑपरेशन. आणि पेजही जाईनाशी झाल्यावर पोचलात, तर बहुतेकदा डॉक्टरांच्या हाती उरतं ते नळीत जाळी बसवून पाणी तरी जाईल एवढं पाहणं. साधी गाठ की वाईट गाठ, हे आपल्या हातात नाही. भाकरी अडकल्यावर जायचं की पेज अडकल्यावर, हे मात्र आहे.

ऑपरेशनला घाबरणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. छातीतली अन्ननलिका कॅन्सरसाठी काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली डॉ. फ्रान्झ टोरेक यांनी केलं. रुग्ण होती ६७ वर्षांची एक बाई! त्या काळी पुन्हा आतून नळी जोडण्याची सोय नव्हती. मानेपाशी एक तोंड, पोटापाशी दुसरं, आणि मधे बाहेरून रबरी नळी, अशा तऱ्हेने ती जेवत असे. त्यानंतर ती बारा वर्षांहून अधिक जगली. तेव्हा ना आजच्यासारखी भूल होती, ना अँटिबायोटिक्स. आज जठर वर ओढून त्याचीच नळी करतात, आणि माणूस तोंडाने जेवतो. मोठं ऑपरेशन आहे, सोपं नाही. पण 'आता काही उपयोग नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या आधी आपणच म्हणायचं कारण नाही.

कारणांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. डॉक्टर विचारतात, 'तंबाखू खाता का?' बाई म्हणते, 'नाही.' कारण ती मिश्री लावते, आणि मिश्री म्हणजे दात घासणं, तंबाखू खाणं नव्हे, असा आपला समज! मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते बायांनो. धूर न काढता तोंडात ठेवायच्या तंबाखूने तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने स्पष्ट सांगितलंय. पानसुपारी आणि दारूही या यादीत आहेत. याच संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयंही अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत ठरतात, असं म्हटलं. तेव्हा चुलीवरून उतरवलेला चहा तसाच घशात ओतू नका, जरा निवू द्या. जेवणावर लगेच चहाही नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लागतं.

काही जणी विचारतील, जरा घशाला खवखवलं की दुर्बीण घालायची का? तसं नाही. ताणात असताना घशात गोळा आल्यासारखं वाटतं, पण जेवताना घास नीट जातो, असं बऱ्याच जणींना होतं. ते सहसा गंभीर नसतं. मात्र घासच अडकतोय, तो छातीत थांबल्यासारखा वाटतोय, पाण्याच्या घोटाने ढकलावा लागतोय, आणि असं दोन-तीन आठवडे चाललंय, तर थांबू नका. सोबत वजन उतरत असेल, खाल्लेलं उलटून येत असेल, आवाज बसला असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर आजच जा. काळं शौच, उलटीत रक्त हेही तसंच. फक्त लोहाच्या गोळ्या चालू असतानाही शौच काळं होतं, ते डॉक्टरांना सांगा.

दुर्बिणीच्या तपासणीची धास्ती घेण्यासारखं काही नाही. सहा-एक तास उपाशीपोटी जायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, आणि साधारण बोटाएवढ्या जाडीची नळी तोंडातून आत सोडतात. पाच-दहा मिनिटं मळमळतं, उमासे येतात, मग मोकळं. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल, तर सोबत कुणीतरी न्यावं, एवढंच.

माझी तक्रार आमच्या गावोगावच्या डॉक्टरांकडेही आहे. बाईने 'जेवण जात नाही' म्हटलं, की पित्ताच्या गोळ्यांची पट्टी हातात पडते. ती संपली की दुसरी. पट्टी देऊ नका असं नाही, पण 'घास नेमका कुठे अडतो? कधीपासून? पहिल्यांदा भाकरी की भात?' हे तीन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? आणि सरकारकडे मागणं हे, की दुर्बीण तालुक्याच्या जवळ आणा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. २०२३ साली राज्य सरकारने या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला विचारून कागदपत्रं करता येतात. हे चांगलंच आहे. पण ऑपरेशनचे पैसे मिळण्याआधी ऑपरेशन लागणार हे कळायला हवं ना! रोजगार बुडवून, दोन एसटी बदलून, सोबतीला माणूस घेऊन जिल्ह्याला जायचं, याच टप्प्यावर बाई 'जाऊ दे, होईल बरं' म्हणते.

घरच्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं. दिवसातून एकदा तरी तिला सोबत जेवायला बसवा. ताट तुमच्यासमोर असलं, की ती काय खाते आणि काय बाजूला सारते, ते आपोआप दिसेल.

आणि मैत्रिणींनो, डॉक्टरपुढे बसल्यावर 'अशक्तपणा आहे, बरं वाटत नाही' एवढ्यावर थांबू नका. सरळ सांगा, 'डॉक्टर, घास गिळताना इथे अडकतो. इतके आठवडे झाले. आधी भाकरी अडकायची, आता भातही अडकतो.' छातीवर बोट ठेवून सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. हे वाक्य जितक्या लवकर तुमच्या तोंडून बाहेर पडेल, तितकी आतल्या गाठीवर इलाज होण्याची आशा जास्त.